नातू म्युनिकला, आपण इंदूरला: त्याच्या रोजच्या दिवसात आपली जागा कशी करायची

नातू सहा वर्षांचा असताना मुलगा आणि सूनबाई त्याला घेऊन म्युनिकला गेले. आता तो तिसरीत आहे. इथे इंदूरच्या राजेंद्रनगरात आमच्या ओळखीच्या चार-पाच घरांतली नातवंडंही मागोमाग परदेशी गेली. त्या घरांतले आजी-आजोबा मला विचारतात, तुमचा नातू फोनवर अर्धा-अर्धा तास बोलतो, आमचा कॅमेऱ्यासमोर उभासुद्धा राहत नाही, असं का? पहिलं वर्षभर आमचाही उभा राहत नव्हता. मग काय बदललं, ते सांगतो.

चूक माझी होती. रविवारी आम्ही घरातले सगळे फोनभोवती जमायचो आणि एकामागून एक सुरू व्हायचो: शुभंकरोति म्हणून दाखव, मराठी विसरलास का, तिथे आवडतं का? न कळणाऱ्या भाषेत आठवडाभर वर्गात बसून आलेल्या मुलाची आम्ही सुट्टीच्या दिवशी आणखी एक परीक्षा घेत होतो. तो ‘हो’ म्हणायचा आणि निघून जायचा. सूनबाईंनी एकदा हळूच सांगितलं, “बाबा, त्याला त्याच्या शाळेतलं काहीतरी विचारा ना.” पण त्याच्या शाळेतलं मला काहीच माहीत नव्हतं.

म्हणून पहिलं काम हे करा: मुलाच्या शाळेचं वेळापत्रक मागवून घ्या. मी विद्युत मंडळात नोकरी केली, नोंदवही ठेवायची सवय आहे. एका पानावर त्याचा आठवडा लिहून घेतला आणि फोनच्या वर भिंतीला चिकटवला. शाळा सकाळी आठला भरते. वर्गात बाहेरचे बूट चालत नाहीत, घरातल्या सपाता घालून बसायचं. मधल्या खाण्याला तिकडे ब्रोटत्साइट म्हणतात, त्यात डब्यातलं गारच खातात. दुसरीत त्यांच्या हातात शाईचं पेन आलं. चौथीत पोलीस येऊन सायकल शिकवतात आणि परीक्षा घेतात, त्याची तो आत्तापासून वाट बघतोय. एवढं कळल्यावर प्रश्न आपोआप बदलले. “पेन गळलं का रे आज?” असं विचारलं, की तो हाताची बोटं कॅमेऱ्याजवळ आणून दाखवतो. गुणांचंही आधीच समजून घ्या. तिकडे एक ते सहा असे शेरे असतात आणि एक सगळ्यांत चांगला. ‘एक मिळाला’ असं पोराने आनंदाने सांगितलं आणि आपला चेहरा पडला, असं होऊ देऊ नका.

फोनची वेळ त्याच्या दिवसावरून ठरवा, आपल्या जेवणावरून नको. शाळेनंतरच्या पाळणाघरातून तो साडेचारला घरी येतो, काहीतरी खातो, मग पाचला फोन. उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि तोच फोन साडेनऊला येतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा साडेआठला. हे दोन रविवार कॅलेंडरवर खुणावून ठेवा. डिसेंबरात साडेचारच्या आसपासच तिथे सूर्य मावळतो, त्या दिवसांत पोर मलूल वाटलं तर लगेच घाबरू नका. उलट जूनमध्ये झोपायच्या वेळी बाहेर लख्ख ऊन असतं, आणि झोपायचं नाही म्हणून रोज भांडण होतं.

आता मुख्य गोष्ट. आपल्याजवळचं काय त्याला तिथे उपयोगी पडेल, ते शोधा. मला ते योगायोगाने सापडलं. तो जर्मन आकड्यांवरून रडकुंडीला आला होता. जर्मनमध्ये पंचेचाळीस म्हणताना आधी पाच, मग चाळीस: फ्युन्फ-उंड-फिअरत्सिश. म्हणजे ‘पाच आणि चाळीस’. वर्गातली बाहेरून आलेली काही मुलं ४५ ऐकून ५४ लिहायची, आणि हाही तेच करत होता. मी म्हटलं, “अरे, आपलंही तसंच आहे की! पंचेचाळीस. पंचे आधी, चाळीस नंतर. एकवीस, बावीस, तेवीस.” तो गप्प झाला, मग स्वतःशीच पुटपुटत पन्नासपर्यंत गेला. अडला तो एकोणतीसला, कारण जर्मन तिथे सरळ ‘नऊ आणि वीस’ म्हणतं. ‘एकोण’ म्हणजे एक कमी, हे त्याला तेव्हा कळलं. तेव्हापासून रोज मी विजेच्या बिलावरचे तीन आकडे मराठीत सांगतो, तो जर्मनमध्ये म्हणतो. मग तो सांगतो आणि मी म्हणतो. माझे उच्चार तो मोठ्या गंभीरपणे सुधारतो. वर्गात सतत चुकणाऱ्या मुलाला दिवसातून एकदा तरी कुणाची चूक दुरुस्त करायला मिळाली पाहिजे.

लिंगांचंही तसंच. हिंदीत दोन, मराठीत तीन: तो, ती, ते. जर्मनमध्येही तीन: डेअर, डी, डास. इंदूरच्या पोराला हिंदी-मराठी दोन्ही येतात, पण इथे त्याच्या कामी मराठी आली. वस्तूंची लिंगं जुळतीलच असं नाही, आणि खेळाची मजा तिथेच आहे. आपलं मूल ‘ते’ आणि त्यांचंही ‘डास किंड’. चंद्र दोन्हीकडे ‘तो’. पण आपला सूर्य ‘तो’, त्यांचा ‘ती’. आपली मुलगी ‘ती’, त्यांच्याकडे मात्र ‘डास’! आमची ही एका वहीत दोन रकाने करून हे शब्द लिहिते. दोनशेच्या वर झालेत. मराठी विसरेल ही आमची काळजी या वहीने जितकी कमी केली, तितकी कुठल्याही पाठांतराने केली नाही. तुमचं नातवंड दुसऱ्या देशात असेल तर तिथली भाषा वेगळी असेल, पण शोधलंत तर कुठेतरी धागा मिळतोच.

भाषेबाहेरही बघा. घरात कचऱ्याचे वेगवेगळे डबे ठेवणं या नव्या कुटुंबाला समजावून सांगावं लागणार, असं सूनबाईंच्या तिथल्या शेजाऱ्यांना वाटलं होतं. नातवाने कुणी सांगायच्या आत ओला-सुका वेगळा केला. सकाळी गाणं वाजवत येणाऱ्या कचरागाडीच्या शहरात वाढलाय तो. अकरा नोव्हेंबरला तिकडे संत मार्टिनच्या नावाने मुलं संध्याकाळी कागदी कंदील घेऊन रस्त्याने फिरतात. दुसरीत असताना त्याने जो कंदील नेला, तो आम्ही दोघांनी फोनवर बनवला. आकाशकंदिलासारखाच, फक्त काठीला टांगायचा. कामट्या मी इथे वाकवून दाखवत होतो, तो तिथे वाकवत होता.

पार्सलबद्दल थोडक्यात. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ टपालाने पाठवता येत नाहीत. आमचे पेढे अडकले आणि डब्यासकट गेले. लौंग शेव आणि जीरावन मसाला पाठवा, रविवारी तिथे पोहे होतात त्यावर ते लागतंच. आतल्या वस्तूंची यादी आणि किंमत इंग्रजीत खरी लिहा. घरच्यांनी घरच्यांना पाठवलेली भेट ४५ युरोंपर्यंत करमुक्त असते. आणि खाऊपेक्षा रोज वापरात येईल असं पाठवा. हिने विणलेले लोकरीचे मोजे तो शाळेतल्या सपातांत घालतो.

शेवटी येण्या-जाण्याचं. दिवाळीला शाळा बुडवून या, असा हट्ट धरू नका. जर्मनीत शाळा सक्तीची आहे, सुट्टी नसताना मूल परदेशी नेलं तर दंड होऊ शकतो. त्यांची मोठी सुट्टी साधारण ऑगस्टपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, सहा आठवड्यांची. म्हणजे आंबे संपलेले आणि इथल्या मुलांच्या शाळा चालू. मेमध्येच रस काढून फ्रीजरमध्ये ठेवा. राखी बहुधा सापडते, काही वर्षी गणपतीही. मित्रांचं मात्र आधी बोलून ठेवावं लागतं. त्याच्या जुन्या मित्राच्या आईला आम्ही जुलैतच फोन करतो, मित्राची क्लास-ट्यूशनची वेळ विचारून घेतो आणि तेही भिंतीवरच्या पानावर लिहितो. मागच्या ऑगस्टमध्ये नातवाने ते पान वाचलं. मित्राची बस पावणेदोनला कोपऱ्यावर येते. हा दीडपासून छत्री घेऊन फाटकाशी उभा राहायचा.