जुनी गाडी खडखडतेय? शॉकअप बदलण्याआधी या चुका टाळा

दहा-बारा वर्षं वापरलेली गाडी स्पीडब्रेकरवरून उतरताना खट्‌कन वाजली की निदान तयारच असतं: शॉकअप गेले. मीही माझ्या २०११ च्या हॅचबॅकचे पुढचे दोन्ही शॉकअप बदलून घेतले, हौसेने गाडी सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर आणली, आणि खडखड जशीच्या तशी! दोष निघाला लिंक रॉडच्या, म्हणजे चाकाजवळच्या छोट्या जोडदांडीच्या, ढिल्या जॉइंटमध्ये. काही शे रुपयांचं काम.

शॉकअप गेला की गाडी वाजण्याआधी बहुधा झुलायला लागते. खड्ड्यातून गेल्यावर हेलकावे थांबत नाहीत, शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसतो. बारीक खड्ड्यांवरची कटकट बऱ्याचदा लिंक रॉडची असते. ब्रेक लावताना एकच ठोका बसला तर लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातले रबरी तुकडे) बघा. जागेवर स्टिअरिंग फिरवताना टणकन वाजलं, तर शॉकअपच्या वरचं माउंटिंग किंवा त्यातलं बेअरिंग. मेकॅनिकला नुसतं ‘आवाज येतोय’ सांगू नका. त्याला शेजारी बसवून त्याच खराब रस्त्यावर एक फेरी मारा.

बुश नवे टाकूनही सहा महिन्यांत फाटले, तर मालाला शिव्या देण्याआधी ते आवळले कसे ते विचारा. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळतायत आणि बोल्ट करकचून आवळला, की रबर त्याच स्थितीत धरलं जातं. गाडी खाली घेतली की ते कायम पिळलेलं राहतं. म्हणून शेवटचा आवळा चाकांवर वजन आल्यावरच द्यायचा. हे गॅरेजमध्ये आग्रहाने सांगावं लागतं, कारण खाली वाकून पाना घालणं कोणालाच नको असतं.

दुसरी आपल्याकडची खास सवय म्हणजे पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेल किंवा जळकं ऑइल मारून घेणं. पत्र्याचं काय व्हायचं ते होवो, बुशचं रबर मात्र तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. दाराच्या रबरांनाही ग्रीस नको, सिलिकॉन स्प्रे चालतो.

टायरची नक्षी शाबूत आहे म्हणजे टायर चांगला, असं नाही. जुनं रबर कडक होतं आणि रस्त्याचा प्रत्येक दाणा सीटपर्यंत पोचवतं. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना भरा. पंपावरचा पोरगा ‘पस्तीस मारू का?’ विचारतो, त्याला मान डोलावू नका.

वेगाबरोबर वाढणारी घूंऽऽ डावीकडे वळताना आणखी वाढली, तर उजव्या चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्या. रस्ता बदलला की आवाज बदलत असेल, तर तो टायरचा.

सिग्नलला एसी चालू असताना सीट थरथरत असेल, तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबरी आधार, तपासा. सस्पेन्शनशी, म्हणजे शॉकअप-बुश वगैरेंशी, त्याचा संबंध नाही.

आणि दारांत आवाज दाबणारी डॅम्पिंग शीट चिकटवायला हजारो रुपये मोजण्याआधी डिकी रिकामी करून चालवून पाहा. माझ्या गाडीचा मागचा आवाज जॅकचा होता. तो आता जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलाय.