कंपनीत लागलं तर केसपेपरवर काय लिहायला सांगाल? पुण्यात नव्याने कामाला आलेल्यांसाठी

मी २००७ साली लातूर जिल्ह्यातून पुण्यात आलो. तेव्हा आपली गाडी शिवाजीनगर स्टँडला लागायची, आता वाकडेवाडीला लागते. बाकी सगळं तसंच आहे. गावचा कुणीतरी आधीच भोसरीत नाहीतर चाकणला असतो, तो ठेकेदाराकडे नेतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण मशीनपुढे उभे असतो. खोली कुठे घ्यायची, मेस कुठली बरी, हे सगळेच सांगतात. कामावर हातपाय गेला तर काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आठव्या महिन्यात एका प्रेस शॉपमध्ये माझ्या उजव्या हाताचं पहिलं, म्हणजे अंगठ्याशेजारचं, बोट दोन पेरांपर्यंत गेलं. पायाने पेडल दाबायची प्रेस होती. हात वाचवणारं गार्ड काढून ठेवलेलं, कारण गार्ड असलं की माल कमी निघतो. पेडल मी एकदाच दाबलं, प्रेस दोनदा आली. सुपरवायझरने हाताला कॉटन वेस्ट गुंडाळलं, मोटरसायकलवर मधे बसवलं आणि ठेकेदाराच्या ओळखीच्या दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "कसं लागलं?" मी तोंड उघडायच्या आत सुपरवायझर म्हणाला, "रूमवर दारात बोट सापडलं." बाईंनी तेच लिहिलं. पुढे मी जिथे जिथे गेलो तिथे तो कागद माझ्या आधी पोचलेला असायचा. शेवटी वीस हजार रुपये घेऊन मी एका कोऱ्या कागदावर सही केली.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो. शुद्ध असेल तर डॉक्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगा: अमुक कंपनीत, अमुक मशीनवर, इतक्या वाजता, काम करताना लागलं. शुद्ध नसेल तर सोबतच्याने सांगायचं, आणि सोबत आपला माणूस असेल असं बघायचं. लिहिलेलं वाचून घ्या. इंग्रजी येत नसेल तर वाचून दाखवा म्हणा, त्यात लाजायचं काही नाही. एमएलसी करा असं स्पष्ट म्हणा, म्हणजे पोलिसांकडे नोंद जाते. पिंपरीचं वायसीएम हॉस्पिटल किंवा पुण्याचं ससून हॉस्पिटल इथे ही नोंद त्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका.

पहिला कागद चुकीचा झालाच असेल तर हातावर हात धरून बसू नका. त्याच दिवशी सुपरवायझरला व्हॉट्सअ‍ॅप करा, "आज दुपारी तीन वाजता प्रेसवर काम करताना माझं बोट गेलं." तो उत्तर देवो न देवो, तारीख आणि वेळ पडली. कंपनीला स्पीड पोस्टाने पत्र पाठवा आणि पावती जपून ठेवा. पोलीस चौकीत लेखी जबाब द्या.

आता पैशांचं. दोन वाटा आहेत आणि तुम्ही कुठल्या वाटेवर आहात ते कामावर लागल्या दिवशीच कळलं पाहिजे.

पहिली वाट ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याची. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि कंपनीला हा कायदा लागू असेल तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक वरून ३.२५ टक्के भरतो. १४,००० पगाराला तुमचे १०५ रुपये. कापले जात असतील तर विमा क्रमांक मागा. पावतीवर कपात दिसते आणि क्रमांक कुणी देत नाही, असं मी डझनावारी पोरांच्या बाबतीत पाहिलंय. आजारपणाच्या भत्त्यासाठी आधी ठरावीक दिवसांची वर्गणी लागते. कामावरच्या दुखापतीला ती अट नाही, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. उपचार मोफत. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद राहिलं तर बरे होईपर्यंत सरासरी रोजाच्या ९० टक्के पैसे मिळतात. कायमचं अपंगत्व आलं तर मेडिकल बोर्ड टक्के ठरवतं आणि त्या हिशोबाने पैसे चालू राहतात. तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे चालू असताना मालकाला तुम्हाला कामावरून काढता येत नाही. ईएसआयची हॉस्पिटलं चिंचवडला मोहननगरात आणि बिबवेवाडीला आहेत. अपघाताचा अहवाल मालकाने पाठवायचा असतो. तो पाठवत नसेल तर तुम्ही स्वतः कागद घेऊन बिबवेवाडीच्या ऑफिसात जा.

दुसरी वाट ईएसआय लागू नसलेल्यांची. तिथे मालकाला पैसे द्यावे लागतात, आधी ते १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने असायचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत गेले आहेत, म्हणून वकिलाकडे नवीन नावं ऐकलीत तर गोंधळू नका. गणिताची रीत तीच आहे. दोन्ही वाटांनी एकदम पैसे मिळत नाहीत.

ते गणित एकदा नीट बघा, कारण ठेकेदार तुम्हाला ते कधीच करून दाखवणार नाही. पूर्ण अपंगत्वाला महिन्याच्या पगाराचे ६० टक्के गुणिले कायद्यात वयाप्रमाणे दिलेला आकडा. पगार जास्त असला तरी २०२० पासून हिशोबात तो १५,००० पर्यंतच धरत आले आहेत. २५ वर्षांच्या माणसाचा आकडा २१६.९१. म्हणजे ९,००० गुणिले २१६.९१, साधारण साडेएकोणीस लाख. पहिल्या बोटाची दोन पेरं म्हणजे त्यातले ११ टक्के: २ लाख १४ हजारांच्या वर. अंगठा गेला तर ३० टक्के. हे टक्के कायद्याच्या तक्त्यात छापलेले आहेत, कुणाच्या मेहेरबानीवर नाहीत. माझ्या वेळी पगार कमी होते, मर्यादाही कमी होती. तरी तो तक्ता पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी बराच वेळ त्या एका ओळीवर बोट ठेवून बसलो होतो.

ठेकेदार पळून गेला तर? ज्या कंपनीचं काम तुम्ही करत होता तिच्याकडे मागता येतात. "गार्ड तूच काढलंस" म्हणाले तर? सुपरवायझरच्या सांगण्यावरून, सगळ्या शिफ्टमध्ये ते निघालेलंच असायचं हे सोबतचे सांगू शकतात, त्यांचे नंबर आजच लिहून ठेवा. "सही केलीस ना?" म्हणाले तर? हक्क सोडून देण्याचा करार कायद्यात टिकत नाही. तरीही कोऱ्या कागदावर सही करूच नका. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर दरसाल १२ टक्के व्याज लागतं आणि विनाकारण टाळलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. दावा मात्र अपघातापासून दोन वर्षांच्या आत लावायचा. गावाकडे विश्रांतीला गेलेली माणसं नेमकी इथेच हुकतात.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून दावाच लावला नाही, असं फार जण सांगतात. औद्योगिक कामगाराला सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तसं लिहिलंय. बाईमाणसाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, अपंगाला तर उत्पन्न विचारतही नाहीत. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे अर्ज करा. १५१०० हा फोन नंबर मोफत आहे. हॉस्पिटलच्या दारात कार्ड वाटत "मिळालेल्यातले तीस टक्के द्या" म्हणणारे भेटतील. भरपाईत टक्केवारी ठरवायला वकिलांना त्यांच्याच नियमांची मनाई आहे, असल्या माणसाबरोबर जाऊ नका.

हजेरी कार्ड नाही, पगार रोख, असं असलं तरी दावा लागतो. गेटपास, कँटीनचं कूपन, बँकेत आलेला एक जरी पगार, कंपनीच्या टी-शर्टमधला फोटो, शिफ्टच्या ग्रुपवरचे मेसेज, सगळं चालतं. मोबाइल हरवतो, म्हणून गावी भावाला पाठवून ठेवा.

बांधकामावर असाल, सेंट्रिंग किंवा परांचीवर, तर वर्षात ९० दिवस काम झालं की बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करून घ्या. कामावर मृत्यू झाला तर नोंदीत कामगाराच्या घरच्यांना मंडळाकडून ५ लाख मिळतात, भरपाईचा हक्क वेगळा राहतो.

मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या खोलीतल्या परभणीच्या पोराचा हात प्रेसमध्ये सापडला. आठवड्यापूर्वीच त्याला मी हे सगळं जेवताना सांगितलं होतं. वायसीएममध्ये पोचेपर्यंत सुपरवायझर दोनदा म्हणाला होता की गाडीवरून पडला सांग. पोरगा ऐकला नाही. बाकावर बसून त्याने डाव्या हाताने केसपेपरचा फोटो काढला आणि मला पाठवला. फोटो थोडा हलला होता, पण "कंपनीत प्रेस मशीनवर काम करताना" एवढं नीट वाचता येत होतं.