युरोपीय पासवर्ड मॅनेजर निवडताना

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एकत्र सांभाळणारे ॲप, निवडताना ते बनवणारी कंपनीच युरोपातली आहे की केवळ तिचा सर्व्हर तिथे आहे, हे आधी पाहावे. अमेरिकेतील बिटवॉर्डन ही कंपनी युरोपीय संघातील सर्व्हरचा पर्याय देते, पण तेवढ्याने ती युरोपीय ठरत नाही; जिनिव्हाच्या प्रोटॉन कंपनीला स्विस कायदा लागू होतो (आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही).

देशापेक्षाही एन्क्रिप्शनची (माहिती किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करण्याची) व्याप्ती मोलाची. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरमधून चोरीला गेलेल्या व्हॉल्टमध्ये (ग्राहकांच्या पासवर्डच्या तिजोऱ्यांमध्ये) पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले असले, तरी संकेतस्थळांचे पत्ते तसे नव्हते. म्हणजे ग्राहकाचे खाते कोणत्या बँकेत आहे, हे चोराला कुलूप न फोडताच कळू शकत होते. म्हणून नाव, पत्ता, टीप असा प्रत्येक रकाना आपल्याच उपकरणावर एन्क्रिप्ट होतो का, हे कंपनीच्या सुरक्षाविषयक माहितीत शोधावे. प्रोटॉनच्या प्रोटॉन पास या पासवर्ड मॅनेजरमध्ये तो होतो, शिवाय त्याच्या ॲप्सचा सोर्स कोडही कोणालाही तपासता येईल असा खुला आहे.

कार्यालयासाठी लक्झेंबर्गचे पासबोल्ट हे पासवर्ड मॅनेजर स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. कोणत्याच कंपनीवर विसंबायचे नसेल, तर सगळे पासवर्ड आपल्याच संगणकावरील एका फाइलमध्ये ठेवणारे कीपासएक्ससी घ्यावे. मात्र त्याची एकुलती फाइल हरवली तर ती परत देणारे कोणी नसते, त्यामुळे तिची प्रत अन्यत्र ठेवावी. कोणत्याही मॅनेजरसाठी पैसे भरण्यापूर्वी, पुढे तो सोडता येईल का हे कळण्यासाठी, दोन-चार नोंदी सीएसव्ही स्वरूपात (साध्या मजकुराच्या तक्त्यात) बाहेर काढून पाहाव्यात, आणि ती फाइल कोणालाही वाचता येत असल्याने लगेच पुसून टाकावी.