पद्मिनी टकटक करतेय? चेंबर खोलायच्या आधी हे करा

आमच्या घरी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. दोन वर्षांपूर्वी तिच्या इंजिनातून ठक-ठक सुरू झाली. ओळखीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं, जेमतेम दहा सेकंद ऐकलं आणि निकाल देऊन टाकला, "कनेक्टिंगचं बेअरिंग गेलं. इंजिन उतरवावं लागेल." म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडचं बेअरिंग; क्रँक हा इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा. शेवटी निघालं काय, तर क्रँकच्या पुलीचा नट सैल! तेव्हापासून मी सगळ्यात खर्चिक शक्यता सगळ्यात शेवटी तपासतो. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, तर सगळ्यात शेवटी.

आधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी काढा. ऑइल कमी असेल तर योग्य लेव्हलपर्यंत भरा आणि पुन्हा ऐका. कधीकधी गोष्ट तिथेच संपते. ऑइल नाकाशी धरून बघा. पेट्रोलचा वास आला, किंवा न भरताच लेव्हल वाढलेली दिसली, तर फ्युएल पंपावर संशय घ्या. या गाडीचा पंप इंजिनाच्या अंगावर बसतो आणि कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर चालतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं आणि धडधाकट बेअरिंगसुद्धा वाजायला लागतात. आणि गरम इंजिन आयडलिंगला असताना ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल, तर बाकीच्या तपासण्या राहू द्या. गाडी बंद करा.

मग वही घ्या आणि आवाज कधी येतो ते लिहा. सकाळी थंड असताना वाजतं आणि दहा मिनिटांत विरतं? बहुतेक पिस्टन सिलिंडरमध्ये ढिला झालाय. अशी गाडी जपून वापरली तर बरेच दिवस चालते. क्लच दाबल्यावर आवाज बदलतो? मग क्लचचं रिलीज बेअरिंग, फ्लायव्हील असं मागच्या बाजूला शोधा. फक्त घाट चढताना, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की कढईत फुटाणे उडाल्यासारखी तडतड होते? तो ठोका नव्हेच, ते पिंकिंग. टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ पुढे गेलीय, इंजिनाच्या हेडमध्ये कार्बन साचलाय किंवा इंजिन तापतंय. डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटून देणारा भाग) किंचित फिरवून टायमिंग मागे घेतलं आणि तडतड गेली, तर दोषी सापडला. लोक पेट्रोल पंपवाल्याला शिव्या देतात, पण निम्म्या वेळा टायमिंगच चुकलेलं असतं.

आता आवाजाचा वेग. कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीसरशी चमकणारा दिवा, एक नंबरच्या प्लगच्या वायरला लावा. तो क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. दर चमकेला एक ठोका म्हणजे आवाज बहुधा वरच्या बाजूचा: टॅपेट आणि रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे भाग), फ्युएल पंप. दर चमकेला दोन ठोके म्हणजे क्रँकच्या बाजूचा. ही एवढी मोजणी केली तर अर्धी भीती जाते.

वरचा आवाज असेल तर रॉकर कव्हर काढा आणि इंजिन मंद आयडलिंगला ठेवा. ऑइलचे शिंतोडे उडतील, जुना शर्ट घाला. एकेका टॅपेटच्या फटीत फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पान सरकवत जा. ज्याच्याशी टकटक थांबेल तो टॅपेट सैल. किती गॅप ठेवायचा ते गाडीच्या पुस्तकात बघा, अंदाजाने आवळू नका. फार आवळलेला टॅपेट वाजत नाही, पण व्हॉल्व्ह जाळतो.

जागा शोधायला लांब स्क्रू-ड्रायव्हर पुरतो. मूठ कानामागच्या हाडाला, टोक इंजिनाला. फ्युएल पंप, डायनॅमो, वॉटर पंप, चेंबर, सगळीकडे ऐका. समोर पंखा फिरतोय, तेव्हा ओढणी, मफलर, लोंबती बाही नको. नंतर बेल्ट काढून इंजिन फक्त अर्धा मिनिट चालवा. आवाज गेला तर तो डायनॅमो किंवा वॉटर पंपाचा. पुलीचा नट पान्याने तपासायला विसरू नका. तो मी विसरलो होतो.

तरीही खालून जाड ठोका येतोच आहे? मग शेवटची परीक्षा. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढा, तिच्या टोपीत जुना प्लग बसवा आणि त्याचं लोखंड इंजिनाला टेकेल असा घट्ट बांधा. चालू इंजिनाची वायर हाताने उपटू नका, झटका जबर बसतो. आता इंजिन सुरू करून थोडा वेळ ऐका. असं चारही सिलिंडरचं करा. एखादा बंद केल्यावर ठोका एकदम दबला, तर त्याच सिलिंडरचं कनेक्टिंगचं बेअरिंग किंवा पिस्टन. इंजिन गरम असूनही ठोका तसाच असेल आणि रेस देऊन सोडताना जास्त वाजत असेल, तर बेअरिंगच धरा.

खात्री करायला गरम ऑइल पांढऱ्या सुती फडक्यातून गाळा आणि फडकं उन्हात धरा. चंदेरी किंवा तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंगचा थर निघतोय. मग गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका. रॉड तुटून ब्लॉकमधून बाहेर आला तर पद्मिनीचा ब्लॉक आता भंगारातच शोधावा लागतो. टोइंगवाल्याला बोलवा आणि मेकॅनिकला सिलिंडरचा नंबर सांगूनच चेंबर उघडू द्या.