महापालिकेची कंपनी: मालकी आहे, पण लगाम हातात आहे का?

बेस्ट हा मुंबई महापालिकेचा उपक्रम आहे आणि पुणे व पिंपरी-चिंचवडमध्ये बस चालवणारी पीएमपीएमएल ही कंपनी. बसमध्ये बसणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही, महापालिकेत बसणाऱ्याला मात्र पडतो. उपक्रमाचं अंदाजपत्रक समितीतून सभेपुढे येतं आणि नगरसेवक त्यावर बोट ठेवू शकतात. कंपनी चालते ती २०१३च्या कंपनी कायद्याने. पीएमपीएमएलमध्ये पुण्याचा ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडचा ४० टक्के वाटा असला, तरी तिथे दोन्ही महापालिका फक्त भागधारक असतात. आयुक्त संचालक मंडळावर बसले म्हणजे देखरेख झाली, हा समज सगळ्या घोळाचं मूळ आहे. मालकाला जे हवं ते आधी कागदावर आणावं लागतं.

सुरुवात कंपनीच्या नियमावलीपासून, म्हणजे आर्टिकल्सपासून करा. महापालिकेच्या लेखी मंजुरीशिवाय काय करता येणार नाही, त्याची यादी त्यात हवी: कर्ज, हमी, जमीन विकणं किंवा दीर्घ भाड्याने देणं, उपकंपनी काढणं, भाडेदर, मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक आणि ठरावीक रकमेवरचे ठेके. रकमेची मर्यादा लिहिताना ‘एकाच कामाचे वर्षभरातील सर्व आदेश मिळून’ हे शब्द विसरू नका. नुसती पाच कोटींची मर्यादा घातली, की ४ कोटी ९० लाखांचे तुकडे पडायला लागतात. नियमावली बदलायला विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. ६०:४० वाटणीत मोठ्या भागधारकाला हे एकट्याने जमत नाही. त्यामुळे हे काम कंपनी स्थापन करतानाच उरकावं.

इतिवृत्ताचं कलमही तेव्हाच घाला. कायद्याने भागधारकाला कंपनीच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त पाहता येतं, संचालक मंडळाचं नाही. मालक असूनही महापालिकेला ते मागण्याचा आपोआप हक्क नसतो. ‘मंडळाच्या बैठकीचं मसुदा इतिवृत्त १५ दिवसांत महापालिकेकडे पाठवावं’ असं एक वाक्य पुरेसं आहे.

मग माणसं नेमा. संचालक आणि भागधारकाचा प्रतिनिधी ही दोन वेगळी कामं आहेत. संचालकाचं कर्तव्य कंपनीशी असतं (कलम १६६), महापालिकेशी नाही. प्रतिनिधी महापालिकेतर्फे मत देतो आणि त्यासाठी कलम ११३ प्रमाणे ठराव लागतो. तो असा लिहावा: ‘अमुक कंपनीच्या सर्व सर्वसाधारण सभांमध्ये महापालिकेतर्फे उपस्थित राहून मत देण्यास मुख्य लेखा व वित्त अधिकारी या पदावरील व्यक्तीस प्राधिकृत करण्यात येत आहे.’ नाव न घालता पद घाला, म्हणजे बदली झाली की ठराव निरर्थक होत नाही. संचालक अतिरिक्त आयुक्त असतील तर प्रतिनिधी दुसरा कोणी असू द्या. एकच माणूस दोन्ही खुर्च्यांवर बसला, की स्वतःच्या निर्णयांना स्वतःच मान्यता देत राहतो. निवडणुका लांबून २०२२ पासून प्रशासक आले, तेव्हा आयुक्तच सभा, तेच स्थायी समिती आणि कंपनीत तेच संचालक, असं चित्र अनेक ठिकाणी होतं.

शब्दांचाही घोळ होतो. ‘सर्वसाधारण सभेची मान्यता घ्यावी’ असं पत्र आलं की ती महापालिकेची की कंपनीची, यावर फाइल महिनाभर फिरते. महापालिकेच्या सभेला मुख्य सभा आणि कंपनीच्या सभेला भागधारक सभा म्हणा, दोन्ही कागदांवर.

पब्लिक लिमिटेड कंपनीला किमान सात सभासद लागतात, म्हणून अधिकाऱ्यांच्या नावावर एकेक शेअर ठेवला जातो. बदली झाली तरी शेअर जुन्याच नावावर राहतो. असा शेअर दुसऱ्याच्या वतीने धरलाय, हे एमजीटी-४ आणि एमजीटी-५ या फॉर्ममध्ये ३० दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. मग कंपनी एमजीटी-६ हा फॉर्म भरते. पदभार सोडण्याच्या यादीत शेअर हस्तांतरणाची एक ओळ टाकून ठेवा.

तारखांचं कॅलेंडर कंपनी सेक्रेटरीच्या टेबलावर असतंच, त्याची प्रत लेखा विभागातही हवी. मंडळाच्या वर्षाला किमान चार बैठका, दोनमध्ये १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत, तिची नोटीस २१ दिवस आधी. ताळेबंद सभेनंतर ३० दिवसांत आणि वार्षिक विवरण ६० दिवसांत दाखल झालं पाहिजे. चुकलं तर प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागतं, आणि ते अखेर करदात्याच्याच खिशातून जातं.

तिमाही अहवाल एका पानाचा मागवा, जाड फाइल कोणी वाचत नाही. बँकेतली शिल्लक, ९० दिवसांवरची देणी, भविष्य निर्वाह निधीची थकबाकी, न्यायालयीन दावे. बस कंपनी असेल तर दर किलोमीटरचा खर्च आणि उत्पन्न, स्वतःच्या आणि ठेकेदाराच्या गाड्यांचं वेगवेगळं. ठेकेदाराला किलोमीटरवर पैसे मिळत असतील तर रिकाम्या धावणाऱ्या गाडीचंही बिल येतं. एकत्र आकड्यात ते दिसत नाही.

संचलन तूट, म्हणजे बस चालवण्याचा खर्च आणि उत्पन्न यांतला फरक, भरून देताना सर्वात जास्त गफलत होते. महापालिका दरमहा आगाऊ रक्कम देते आणि ती खर्च म्हणून टाकते. कंपनीच्या वहीत मात्र अंतिम तूट ठरेपर्यंत हिशेब मिटत नाही. दोन-तीन वर्षांत आकड्यांत कोट्यवधींचा फरक पडतो. ३१ मार्चला दोन्ही बाजूंनी सही केलेलं शिल्लक-पुष्टीपत्र घ्या आणि लेखापरीक्षित ताळेबंद आल्याशिवाय वर्षाचा हिशेब मिटवू नका.

नगरसेवकांना संचालक करायचं असेल तर ताळेबंद वाचणारे, त्या धंद्यातले एक-दोन जाणकारही शेजारी बसवा. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या नगर परिषदेने २०१५ मध्ये रॉबिनहूड एनर्जी ही वीज-गॅस विकणारी कंपनी काढली आणि २०२० मध्ये ती गुंडाळावी लागली. त्या वर्षीच्या लेखापरीक्षकांच्या अहवालात ठपका होता तो नेमका या जाणकारांच्या उणिवेवर.

आणि माहिती अधिकार. महापालिकेच्या मालकीची किंवा तिच्या पैशावर बव्हंशी चालणारी कंपनी या कायद्याच्या कक्षेत येते. ‘आम्ही कंपनी आहोत’ हे उत्तर चालत नाही. इतिवृत्तं आणि ठेक्यांचे आदेश संकेतस्थळावर टाकले की निम्मे अर्ज येतच नाहीत.