फ्लोरिडात नवीन आलेल्यांसाठी: हरिकेनची तयारी जूनच्या आधीच

सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर असतो, म्हणजे मे महिन्यातच बसून हे करून टाका. सगळ्यात आधी काउंटीच्या साइटवर आपल्या पत्त्याचा इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे वादळात घर कधी सोडायचं ते ठरवणारा विभाग, बघा (पूरविम्यासाठीचा फ्लड झोन वेगळा, त्यात गल्लत नको). झोन ए वाल्यांना पहिल्यांदा निघायला सांगतात कारण समुद्राचं पाणी तिथे आधी शिरतं, आणि निघा म्हटलं की खरंच निघा, शेजारी थांबलेत म्हणून आपण थांबायचं नाही. २०२४ मध्ये हेलेन वादळ गेलं नि दोनच आठवड्यांत मिल्टन आलं, टॅम्पाकडे तर लोकांचं भिजलेलं सामान अजून रस्त्याकडेला पडून होतं.

साध्या होम इन्शुरन्समध्ये पूर धरत नाहीत, आणि सरकारी फ्लड पॉलिसी सहसा ३० दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळ टीव्हीवर दिसल्यावर घेऊन उपयोग नाही.

पासपोर्ट, ओसीआय कार्ड, आय-७९७ (इमिग्रेशनची नोटीस), पॉलिसीचे कागद एका झिपच्या पिशवीत, फोटो क्लाउडवर. आईबाबा भारतातून आलेले असतील तर त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणि प्रिस्क्रिप्शन त्याच पिशवीत ठेवा, घाईत नेमकं हेच घरी राहतं.

पाणी माणशी रोज एक गॅलन. लाइट गेली की इलेक्ट्रिक शेगडी बंद, म्हणून चिवडा, खाकरे, शेंगदाण्याची चटणी. गाडीत पेट्रोल अर्ध्याखाली जाऊ देऊ नका, आणि जनरेटर गॅरेजमध्ये अजिबात लावू नका, घरापासून निदान २० फूट लांब.