मेम्फिस बघायचंय? आधी कापूस, एल्विस नंतर

टेनेसीतल्या नॅशव्हिलहून आय-४० हायवे पकडला की तीन तासांत मेम्फिस, म्हणून आपली बरीच मंडळी वीकेंडला जातात, गायक एल्विस प्रेस्लीचं घर ग्रेसलँड करतात, बील स्ट्रीटवर फोटो काढतात आणि "ठीक आहे, एवढं काही नाही" म्हणत परत येतात. मीपण पहिल्यांदा तेच केलं. दुसऱ्यांदा बाबा सोबत होते, अकोल्याकडचे, जन्मभर पऱ्हाटीत, म्हणजे कापसात, राबलेले, त्यांच्यामुळे क्रम उलटा झाला आणि मग कुठे गाव कळलं. तोच क्रम सांगतो.

पहिल्या दिवशी सकाळी गाडी फ्रंट स्ट्रीटच्या आसपास लावा आणि आधी नदी बघा. मिसिसिपीला पूर आला की समोरचा अर्कान्सासचा काठ दूरपर्यंत पाण्याखाली जातो, इकडचा काठ मात्र उंच, म्हणून १८१९ मध्ये इथे प्लॉट पाडले. पाडणाऱ्यांत अँड्र्यू जॅक्सन होता, पुढे प्रेसिडेंट झाला तोच, आणि जमीन आदल्याच वर्षी चिकासॉ या मूळनिवासी लोकांकडून काढून घेतलेली. नाव नाईलकाठच्या इजिप्तमधल्या मेम्फिसचं. म्हणून तर काठावर तो चकचकीत पिरॅमिड दिसतो, आता त्यात शिकारीच्या आणि मासे पकडायच्या सामानाचं दुकान आहे, हसू नका.

तिथून चालत युनियन अव्हेन्यूच्या कोपऱ्यावरचं कॉटन म्युझियम. हा जुन्या कॉटन एक्स्चेंजचा हॉल, भाव लिहायचा भलामोठा फळा अजून भिंतीवर आहे. बाबा त्याच्यासमोरून हलेचनात, म्हणे इथेपण पिकवणारा एक आणि भाव लिहिणारा दुसराच. पिकवणारे म्हणजे गुलाम, आणि त्यांची खरेदी-विक्रीही याच गावात चालायची, हे डोक्यात ठेवूनच पुढचं बघा. आपला संबंधपण इथेच लागतो. १८६१ ला इथलं सिव्हिल वॉर पेटलं, उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना इथला कापूस मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरचं वेड लागलं, १८६५ ला युद्ध संपलं तसा तो फुगा फुटला. मेम्फिस स्वतः ६ जून १८६२ लाच उत्तरेच्या हाती पडलं, नदीतल्या जेमतेम दीड तासाच्या लढाईत, आणि गावकरी काठावर उभं राहून ती बघत होते!

दुपारी एल्मवूड कब्रस्तान. सुट्टीत कब्रस्तान कशाला असं घरचे म्हणतील, पण हे चुकवू नका. १८७८ च्या यलो फीव्हरच्या साथीत इथे ५,००० च्या वर माणसं गेली, ज्यांना जमलं ते पळाले, आणि कर्जात बुडालेल्या गावाने १८७९ मध्ये शहराचा दर्जाच सोडला. डेंग्यूवालाच डास होता, पण तेव्हा कुणाला माहीत. त्या पडत्या काळात रॉबर्ट चर्च नावाच्या, गुलामीत जन्मलेल्या माणसाने बील स्ट्रीटवर स्वस्तात जागा घेतल्या आणि मोठा श्रीमंत झाला, म्हणून बील स्ट्रीट एल्मवूडनंतरच करा, संध्याकाळी. मिसिसिपी डेल्टाच्या कापसाच्या शेतांतून आलेल्या लोकांचं गाणं, म्हणजे ब्लूज, इथे कसं रुजलं ते मग आपोआप लक्षात येतं.

दुसरा दिवस लोरेन मोटेलला, आता तिथे सिव्हिल राइट्स म्युझियम आहे, आणि तीन तास तरी ठेवाच. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंगना इथे बाल्कनीत गोळी घातली हे सगळ्यांना माहीत असतं, ते मेम्फिसला का आले होते ते माहीत नसतं. पावसातून आडोशाला कचऱ्याच्या ट्रकमध्ये शिरलेले दोन सफाई कामगार त्याच मशीनमध्ये चिरडून मेले, त्यानंतर १,३०० कामगार संपावर गेले, हातात पाट्या, "आय ॲम अ मॅन". किंग त्यांच्यासाठी आलेले. लहान मुलं असतील तर आधी थोडं सांगून ठेवा, आत गेल्यावर प्रश्न थांबत नाहीत.

बाहेर आल्यावर लगेच गाणी ऐकायला मन होत नाही, म्हणून आधी जेवा. गाव बार्बेक्यूचं, डुकराच्या रिब्सचं, व्हेज असाल तर डबा बरा. मग सन स्टुडिओ, तोही युनियन अव्हेन्यूवरच, एल्विसचं पहिलं रेकॉर्ड १९५४ मध्ये इथेच झालं. खोली एवढीशी आहे. वेळ उरला तर ग्रेसलँड, मी दुसऱ्यांदा नाही गेलो.

सूर्यास्ताच्या तासभर आधी हॅराहन ब्रिजवर या. रेल्वेच्या पुलालाच चालायची वाट जोडलीय, साधारण मैलभर, मधेच राज्य बदलतं. मालगाडी आली की सगळा पूल थरथरतो, घाबरू नका, आणि उन्हाळ्यात पाण्याची बाटली विसरू नका.